भाकरी, मेंढी, द्राक्षमळा: काझान्टझाकिसच्या कादंबरीत श्रद्धा कशाने मोजली जाते

ग्रीक लेखक निकोस काझान्टझाकिसची ‘ख्राइस्ट रीक्रूसिफाइड’ ही श्रद्धेची कादंबरी आहे असं ऐकून जो ती हातात घेतो, त्याची बहुधा धर्मचर्चा वाचायची तयारी असते. प्रत्यक्षात देव आहे की नाही, हा प्रश्न चारशेहून अधिक पानांत फारसा कुणाला पडतच नाही. गावात सगळेच आस्तिक आहेत. पाद्री आस्तिक, चिक्कू सावकार आस्तिक, गाव जिच्याकडे बोट दाखवतं ती विधवाही आस्तिक. भांडण होतं ते एका ओसाड डोंगरावरून, भाकरीवरून आणि पुढे द्राक्षमळ्यांवरून. माझ्या मते या कादंबरीचं सगळं बळ यातच आहे. काझान्टझाकिस श्रद्धा शब्दांवर तोलत नाही. कुणी काय दिलं, किती दिलं, कधी दिलं आणि देताना स्वतःकडे काय राखलं, हे तो पानोपान मांडत जातो. या नजरेने वाचलं तर पुस्तक लख्ख उलगडतं. केवळ बायबलचं रूपक म्हणून वाचलं, तर निम्मं हातातून निसटतं.

पुढे मी कथानक शेवटापर्यंत सांगणार आहे. शेवट काय होणार हे शीर्षकातच आहे, त्यामुळे वाचनाचं फारसं नुकसान होणार नाही.

आधी पुस्तक मिळवण्याबद्दल. काझान्टझाकिसने ही कादंबरी १९४८ साली फ्रान्समधल्या आंतीब या गावी लिहिली. ती मूळ ग्रीकमध्ये आधी आली नाही. १९५० साली स्वीडिश अनुवाद निघाला, त्याच्या पुढच्या वर्षी जर्मन, आणि ग्रीक पुस्तक छापून यायला १९५४ उजाडलं. इंग्रजी अनुवाद जोनाथन ग्रिफिनचा. तो ब्रिटनमध्ये ‘ख्राइस्ट रीक्रूसिफाइड’ आणि अमेरिकेत ‘द ग्रीक पॅशन’ या नावाने निघाला. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ही दोन्ही नावं दिसतात आणि दोन वेगळ्या कादंबऱ्या समजून लोक दोन्ही विकत घेतात. पुस्तक एकच आहे, कुठलंही एक घ्या.

दुसरी गफलत होते ती गावाच्या जागेबद्दल. लिकोव्रिसी हे गाव ग्रीकांचं आहे, पण ग्रीस देशातलं नाही. ते अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात आहे. काळ विसाव्या शतकाच्या विशीच्या सुरुवातीचा. सत्ता उस्मानी साम्राज्याची आणि गावावर अंमल एका आगाचा, म्हणजे तुर्क अधिकाऱ्याचा. ही व्यवस्था समजून घेतली नाही तर पुढचे बरेच प्रसंग अधांतरी वाटतात. उस्मानी राज्यात ख्रिस्ती प्रजेचा अंतर्गत कारभार त्यांच्याच धर्मपीठाकडे आणि गावच्या वडीलधाऱ्यांकडे असे. कर वसूल करणं, तंटे मिटवणं, लग्न आणि वारसा हे सगळं तेच बघत. आगा फक्त वरून लक्ष ठेवणार, कर घेणार आणि शांतता मोडली की चाबूक उचलणार. त्यामुळे लिकोव्रिसीत पाद्री ग्रिगोरिस हा पूजाअर्चेपुरता माणूस नाही, गावकीची सगळी सूत्रं त्याच्या हातात आहेत. ग्रीकांच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात गावच्या पाद्र्याला लग्नाची मुभा असते, म्हणून त्याला मुलगीही आहे, आणि गावातल्या सर्वांत मोठ्या जमीनदाराच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं आहे. धर्म, जमीन आणि सोयरीक यांचा हा गुंता सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. शेवटच्या खुनापर्यंत तोच धागा पोचतो.

कादंबरी सुरू होते ईस्टरनंतरच्या मंगळवारी. गावची रीत अशी, की दर सात वर्षांनी पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, ख्रिस्ताच्या यातनांचं नाट्य करायचं आणि त्यातली पात्रं वर्षभर आधी निवडायची, म्हणजे निवडलेल्यांना वर्षभर त्या भूमिकेला शोभेल असं वागता येईल. ग्रीक खेड्यांत अशी नाट्यं सर्रास होत असतील असं मात्र समजू नका. ऑर्थोडॉक्स रिवाजात गुड फ्रायडेच्या रात्री फुलांनी मढवलेली ख्रिस्ताची प्रतीकात्मक शवपेटी गावातून मिरवतात, काही ठिकाणी ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदाचा पुतळा जाळतात. माणसांनी वेष घेऊन उभं केलेलं यातनानाट्य ही मुख्यतः पश्चिमेकडच्या कॅथलिक मुलखातली परंपरा. बव्हेरियातल्या ओबरआमरगाऊ गावात १६३४ पासून ते होत आलं आहे आणि तिथे ते सहसा दर दहा वर्षांनी होतं. काझान्टझाकिसने ती कल्पना अनातोलियातल्या गावात आणून बसवली, कारण त्याला वर्षभराची मुदत हवी होती. भूमिका मिळाली आहे आणि प्रयोग अजून व्हायचा आहे, या मधल्या काळात त्या माणसांचं काय होतं ते त्याला दाखवायचं होतं. नाट्याचा प्रयोग कादंबरीत कधीच होत नाही. सगळं त्याआधीच, नाताळच्या आदल्या रात्री संपतं.

नावांचा घोळ टाळायचा असेल तर सुरुवातीच्या पानावर पेन्सिलीने जोड्या लिहून ठेवा, हा माझा आग्रहाचा सल्ला. ख्रिस्त होणार मनोलिओस, जमीनदार पात्रिआर्खेआसच्या मेंढ्या राखणारा, मठात काही काळ राहून आलेला अबोल तरुण. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र होणार यान्नाकोस, गाढवावर माल लादून गावोगाव विकणारा आणि टपालही वाटणारा फेरीवाला. दुसरा शिष्य याकोब होणार कोस्तान्दिस, कॉफीचं दुकान चालवणारा. तिसरा शिष्य योहान होणार मिखेलिस, जमीनदाराचा मुलगा. मरीया मग्दालिया, म्हणजे परंपरेने पतिता मानली गेलेली ख्रिस्ताची अनुयायी, होणार विधवा कातेरिना. आणि यहूदा होणार खोगिरं बनवणारा पानायोतारोस. लाल दाढी आणि तापट स्वभाव एवढ्या कारणासाठी त्याच्या गळ्यात ही भूमिका पडते आणि तो अपमान तो विसरत नाही. पंचांमध्ये ग्रिगोरिस आणि पात्रिआर्खेआस यांच्याशिवाय कवडीचुंबक म्हातारा लादास आहे, एक जुना दर्यावर्दी कप्तान आहे आणि पाद्र्याचा भाऊ असलेला शाळामास्तर आहे. ख्रिस्ताला मृत्युदंड देणारा रोमन सुभेदार पिलात आणि त्याला दोषी ठरवणारा प्रधान याजक कयफा कोण, याचं उत्तर पुढे घटनाच देतात. आगा आणि ग्रिगोरिस त्या जागांवर आपसूक जाऊन उभे राहतात.

निवड होते न होते तोच निर्वासित येऊन थडकतात.

हा प्रसंग सावकाश वाचा, शक्य असेल तर दोनदा वाचा. त्यांचं गाव तुर्कांनी जाळलं आहे. पाद्री फोतिस त्यांना घेऊन चालतो आहे. सेंट जॉर्जची तसबीर, गावाचं निशाण, शुभवर्तमानाची, म्हणजे ख्रिस्तचरित्राची, पोथी, लेकरं, हत्यारं आणि एका शंभरीच्या म्हाताऱ्याच्या पाठीवर पोत्यात पूर्वजांची हाडं. ही हाडं कादंबरीकाराने सजावटीसाठी घातलेली नाहीत. अनातोलियातून निघालेल्या खऱ्या निर्वासितांनीही पवित्र अवशेष आणि तसबिरी बरोबर नेल्या. कापादोकियातल्या प्रोकोपी गावच्या लोकांनी संत जॉन द रशियन याचं शव एव्हिया बेटावर नेलं, तिथे नवीन प्रोकोपी वसवलं आणि आजही तिथे यात्रा भरते.

फोतिस गावाकडे भीक मागत नाही. तो जमीन मागतो: तुमच्याकडे पडीक रान आहे, त्यातलं थोडं द्या, आम्ही कसून खाऊ. ग्रिगोरिसला खरा धसका बसतो तो इथे. भाकरतुकडा एकदा दिला की विषय संपतो, पण जमीन दिली की माणसं कायमची राहतात. शिवाय दुसरा पाद्री म्हणजे दुसरी वेदी, दुसरं वजन. तेवढ्यात निर्वासितांमधली एक बाई उपासमारीने भर चौकात कोसळते आणि मरते. ग्रिगोरिसला हवी ती संधी मिळते. तो ओरडतो: कॉलरा! ती पटकीने मेली, ही माणसं रोग घेऊन आली आहेत! त्या एका शब्दासरशी चौक रिकामा होतो, दारं लागतात.

ही युक्ती किती नेमकी आहे बघा. गावकरी दुष्ट नाहीत. काहींचं मन द्रवायला लागलेलं आहे, कुणी घरातून काही आणून देईलही अशी हवा आहे. त्या करुणेशी वाद घालत बसला असता तर ग्रिगोरिस हरला असता, कारण शुभवर्तमान त्याच्या विरुद्ध बाजूला आहे. तो वाद घालतच नाही. तो करुणेच्या जागी भीती आणतो आणि त्या भीतीला आरोग्याचं नाव देतो. मग दार लावणाऱ्याला आपण निर्दय आहोत असं वाटत नाही, आपण लेकराबाळांची काळजी घेतो आहोत असं वाटतं. परक्यांना हाकलताना रोगाचं कारण पुढे करणं जगात कितीतरी ठिकाणी घडलं आहे, पण ते इतक्या कमी ओळींत, इतक्या उघड यंत्रणेसह मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

निर्वासित समोरच्या साराकिना डोंगरावर जातात. तिथे गुहा आहेत, दगड आहेत, पाणी थोडं आहे. फोतिस गावाची हद्द आखतो, नसलेल्या वेशींची जागा ठरवतो, आशीर्वाद म्हणतो. पाया खणतात तेव्हा तो शंभरीचा म्हातारा हाडांचं पोतं घेऊन खड्ड्यात उतरतो. मलाच पायात घाला म्हणतो. आणि तिथेच संपतो.

इथून पुढे देण्याघेण्याचा हिशोब सुरू होतो.

पहिली वस्तू टोपल्या. मिखेलिस बापाच्या नकळत घरच्या कोठारातलं अन्न टोपल्यांत भरतो आणि चौघे मित्र गाढवावर लादून ते डोंगरावर नेतात. देणं मोठं आहे, पण दुसऱ्याच्या मालातून आहे. दुसरी वस्तू सोन्याची नाणी. लादास यान्नाकोसला गाठतो: या लोकांनी पळताना दागिने आणले असणार, भुकेल्या पोटी कवडीमोलाने विकतील, तू जाऊन अंगठ्या, कानातलं, जे मिळेल ते घेऊन ये. तीन सोन्याची नाणी अगाऊ देतो. यान्नाकोस जातोही. हा पेत्र होणारा माणूस, निवड होऊन फार दिवस झालेले नाहीत, आणि तो लुबाडणुकीच्या धंद्यावर निघाला आहे. डोंगरावर तो पाया भरण्याचा तो सोहळा बघतो, आतून हलतो, फोतिसपुढे कबुली देतो आणि नाणी त्यांनाच देऊन टाकतो. काझान्टझाकिसने त्याला प्रवचन ऐकवून बदललेलं नाही. उपाशी माणसं घर बांधत आहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं म्हणून तो बदलला.

तिसरी वस्तू मेंढी, आणि माझ्या दृष्टीने ती सगळ्यांत वजनदार. कातेरिनाकडे एकच मेंढी आहे. डोंगरावरच्या पोरांना दूध मिळावं म्हणून ती मेंढी ती निर्वासितांना देऊन टाकते. कुठल्याही पंचाने एवढं दिलेलं नाही. गावातलं सर्वांत नेमकं दान सर्वांत बदनाम बाईच्या हातून होतं आणि त्याची वाच्यता करणारंही कुणी नसतं.

चौथी वस्तू द्राक्षमळे. त्यांच्याकडे यायच्या आधी मधला एक मोठा प्रसंग घडतो. आगाचा लाडका पोरगा युसुफाकी याचा खून होतो. आगा पंचांना कोंडतो आणि खुनी सापडेपर्यंत रोज एकाला फासावर लटकवणार असं जाहीर करतो. मनोलिओस आगाकडे जाऊन खून मीच केला असं सांगतो, म्हणजे गाव सुटेल. त्याला वाचवण्यासाठी कातेरिना येऊन खून मी केला म्हणते आणि जिवाला मुकते. खरा खुनी आगाचाच रखवालदार निघतो आणि मनोलिओस सुटतो. ज्या पंचांसाठी तो मरायला निघाला होता तेच पुढे त्याला मारणार आहेत. काही वाचकांना हा भाग मूळ धाग्यापासून भरकटलेला वाटतो. मला तो आवश्यक वाटतो. स्वतःच्या गावासाठी जीव देणारा मनोलिओस गावाला चालतो. परक्यांसाठी वाटा मागणारा मनोलिओस गावाला चालत नाही. हा फरक या प्रसंगाशिवाय इतका उघडा पडला नसता.

मग जमीनदार पात्रिआर्खेआस मरतो. मिखेलिस कायदेशीर वारस. तो आपली सगळी मिळकत साराकिनाच्या लोकांना देऊन टाकतो. इथे गावाची पंचाईत होते. आतापर्यंत निर्वासित परके होते, मागणारे होते. आता कागदावर ते मालक झाले. लढाई नैतिक राहत नाही, ती मालकी हक्काची होते, आणि हक्क निर्वासितांच्या बाजूला आहे. बक्षीसपत्र मोडायचं असेल तर देणाऱ्याची अक्कल शाबूत नव्हती असं ठरवावं लागतं. ग्रिगोरिस नेमकं तेच करतो, मिखेलिसला वेडा ठरवायला निघतो. धर्माप्रमाणे ज्याने सर्वांत चोख आचरण केलं, त्याच्या आचरणालाच वेडाचा पुरावा म्हणून पुढे केलं जातं. ग्रिगोरिसची मुलगी मारिओरी क्षयाने मरते, तेव्हा सोयरिकीचा उरलेला धागाही तुटतो आणि पाद्र्याचं दुःख आणि द्वेष एकमेकांत मिसळून जातात.

ग्रिगोरिसला ढोंगी म्हणून निकालात काढू नका. वाचताना सर्वांत जास्त चूक इथे होते. तो स्वतःला खरोखर गावाचा रखवालदार समजतो. मेंढरांचं राखण करणं हे त्याचं काम आहे, आणि कुंपणाबाहेरून येणारं सगळं त्याला लांडगाच दिसतं. सुव्यवस्था म्हणजेच देवाची इच्छा, यावर त्याचा मनापासून विश्वास आहे. काझान्टझाकिस समोरासमोर दोन पाद्री उभे करतो. दोघांकडे तेच शुभवर्तमान, तीच वेदी, तेच मंत्र. फरक एवढाच की एकाच्या मागे भरलेली कोठारं आहेत आणि दुसऱ्याच्या मागे उपाशी माणसं. फोतिसही काही शांतमूर्ती नाही. हिवाळा तोंडावर आला आणि पोरं मरायला लागली, की आपल्या हक्काच्या मळ्यांचा ताबा घ्यायला तोच लोकांना घेऊन खाली उतरतो, दगड आणि काठ्यांसह. ख्रिस्त क्षमा करणारा की तलवार आणणारा, हा प्रश्न मनोलिओसला इथे भिडतो. तो लाकडात ख्रिस्ताचा चेहरा कोरत असतो आणि तो चेहराही पुढे कठोर होत जातो.

ग्रिगोरिस मनोलिओसला धर्मबाह्य ठरवतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. वाळीत टाकणं आपल्याकडे इतकं जिवंत आहे की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. लिकोव्रिसीतही रीत तीच: माणसाला गावाच्या हिशोबातून वजा करायचं, म्हणजे पुढे त्याच्यावर हात टाकणाऱ्याला पाप लागत नाही. त्यावर दुसरा आरोप चढतो: हा बोल्शेविक आहे, मॉस्कोचा हस्तक आहे. आगाला तो निर्दोष वाटतो, पण गाव पेटलेलं नको म्हणून तो त्याला जमावाच्या हवाली करतो. नाताळच्या आदल्या रात्री, चर्चच्या आत, पानायोतारोस आणि जमाव मनोलिओसचा जीव घेतात. डोंगरावरच्या लोकांना तिथे राहणं अशक्य होतं आणि ते पुन्हा चालू लागतात, पूर्वेकडे.

ही कादंबरी हवेतून आलेली नाही. १९१९ साली ग्रीक पंतप्रधान वेनिझेलोस यांनी काझान्टझाकिसला समाजकल्याण खात्याचा महासंचालक नेमलं आणि काकेशसमध्ये अडकलेल्या सुमारे दीड लाख ग्रीकांना सोडवून आणण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली. त्या मोहिमेत त्याच्याबरोबर योर्गोस झोर्बास होता, पुढे ज्याच्यावरून त्याने आपली सर्वांत गाजलेली कादंबरी लिहिली तोच. आणलेल्या लोकांना मॅसिडोनिया आणि थ्रेसमध्ये वसवायचं होतं. अन्न, जहाजं, जमीन, रोगराई या सगळ्याचा सरकारी हिशोब त्याच्या हाताखालून गेलेला आहे. म्हणूनच फोतिस जमीन मागतो तेव्हा ती मागणी इतकी व्यवहारी वाटते.

त्यानंतर मोठा लोंढा आला. १९१९ च्या मे महिन्यात ग्रीक सैन्य स्मिर्नात, म्हणजे आजच्या इझमिरमध्ये, उतरलं, १९२२ च्या उन्हाळ्याच्या शेवटी त्याचा पूर्ण पराभव झाला आणि सप्टेंबरात स्मिर्ना जळालं. ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. निकष भाषा नव्हता, धर्म होता. कापादोकियातल्या ज्या ऑर्थोडॉक्स कुटुंबांना तुर्कीशिवाय भाषा येत नव्हती तीही ग्रीसमध्ये धाडली गेली, आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. ग्रीसच्या १९२८ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख २० हजार निर्वासित नोंदले गेले. देशाची एकूण लोकसंख्या तेव्हा सुमारे ६२ लाख होती, म्हणजे दर पाच माणसांमागे जवळपास एक. अथेन्सच्या नगरपालिकेच्या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या एकेका कक्षात एकेक कुटुंब राहत असल्याची छायाचित्रं आहेत. स्वधर्मीय, बहुतांशी स्वभाषिक, आणि तरी स्थानिक लोक त्यांना ‘तुर्कांची बीजं’ आणि ‘दह्याने बाप्तिस्मा झालेले’ म्हणून हिणवत. निघून गेलेल्या मुसलमानांच्या जमिनी कुणाला मिळाव्यात, यावरून मॅसिडोनियात स्थानिक आणि निर्वासित यांच्यात तंटे झाले. लिकोव्रिसीत घडतं ते अनातोलियात घडतं असं लेखकाने लिहिलं असलं, तरी त्याला आतून खुपत होता तो ग्रीसमधला हा अनुभव, असं मला वाटतं.

याच अदलाबदलीचं उदाहरण आपल्याकडेही चर्चेत आलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये फाळणीचा विचार करताना तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया यांनी केलेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीचा दाखला दिला आहे. ते पुस्तक आणि ही कादंबरी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एकात राज्यांच्या पातळीवरची योजना आहे, दुसऱ्यात त्या योजनेतला माणूस नव्या गावाच्या चौकात उभा राहतो तेव्हा काय होतं ते आहे.

लिखाणाचं वर्षही लक्षात ठेवा. १९४८ म्हणजे ग्रीसमधल्या यादवी युद्धाचा काळ. डोंगरातले कम्युनिस्ट गनिम आणि सरकारी फौज यांच्यामध्ये खेडी चिरडली जात होती आणि लाखो खेडूत आपल्याच देशात निर्वासित झाले होते. शेतीचा वाटा मागणाऱ्या माणसाला मॉस्कोचा हस्तक म्हणणं, ही त्या वर्षांतली रोजची भाषा होती. कादंबरीतला काळ विशीचा असला तरी तो आरोप त्या वर्षांचा आवाज घेऊन येतो.

एक तपशील चरित्रातला. मनोलिओस कातेरिनाकडे जायला निघतो त्या रात्री त्याचा चेहरा विद्रूप होऊन सुजतो, कुष्ठासारखा दिसायला लागतो, आणि गावासाठी मरायचं ठरवल्यावर बरा होतो. हे स्वस्त चमत्कारासारखं वाटू शकतं. पण १९२२ साली व्हिएन्नात काझान्टझाकिसचा स्वतःचा चेहरा असाच सुजला होता आणि मानसोपचारतज्ज्ञ विल्हेल्म श्टेकेलने त्या विकाराचं मूळ मनातल्या वासना आणि अपराधभावात असल्याचं सांगितलं होतं. लेखकाने हे पुढे आत्मकथनात लिहिलं आहे. म्हणजे हा भाग अंगावर भोगलेला आहे.

कादंबरीत उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. स्त्रिया फार थोड्या रंगांत रंगवल्या आहेत. कातेरिनाला मग्दालियाच्या पलीकडे जगूच दिलेलं नाही. मनोलिओसची वाग्दत्त वधू लेन्यो ही निसर्गाची ओढ म्हणून येते आणि दुसऱ्या मेंढपाळाकडे निघून जाते. आगा विलासी, लहरी, राकी पिणारा तुर्क, हा साचा त्या काळच्या ग्रीक लेखनात सर्रास सापडतो. तुर्क शेतकरी या पुस्तकात जवळजवळ नाहीत, आणि अनातोलियाच्या कादंबरीत ती मोठी पोकळी आहे. काही संवाद प्रवचनासारखे लांबतात. तिथे वेग वाढवून पुढे गेलात तरी चालेल, फक्त फोतिस आणि मनोलिओस यांची डोंगरावरची बोलणी गाळू नका.

कादंबरी वाचून झाली की दोन गोष्टी जरूर पाहाव्या-ऐकाव्यात. ज्यूल्स डॅसिनने १९५७ साली यावर फ्रेंच भाषेत चित्रपट केला, चित्रण क्रीटमधल्या क्रित्सा गावात झालं, गावकऱ्यांनी कामं केली आणि कातेरिनाची भूमिका मेलिना मर्कुरीने केली. त्याचा शेवट वेगळा आहे: निर्वासित बंदुका घेऊन अडथळ्यामागे उभे राहतात. कादंबरीतली हार डॅसिनने लढ्यात बदलली. म्हणून चित्रपट आधी पाहू नका, नाहीतर पुस्तकाचा शेवट दुबळा वाटेल. दुसरी गोष्ट म्हणजे चेक संगीतकार बोहुस्लाव मार्टिनू याची ‘द ग्रीक पॅशन’ ही संगीतिका. लेखकाच्या संमतीने त्याने संहिता स्वतः इंग्रजीत बेतली. पहिली आवृत्ती लंडनच्या कोव्हेंट गार्डनने नाकारली, मग त्याने ती बरीचशी नव्याने लिहिली. तो १९५९ मध्ये वारला आणि प्रयोग १९६१ साली झ्यूरिकला झाला. मूळ आवृत्ती रंगमंचावर यायला १९९९ उजाडलं, ती ब्रेगेन्झमध्ये. दोन्ही आवृत्त्यांची ध्वनिमुद्रणं मिळतात. पहिलीत निवेदन आणि बोललेले संवाद जास्त आहेत, दुसरीत गायनाचा ओघ सलग आहे. कथा माहीत असेल तर दुसरीपासून सुरुवात करणं सोपं जातं. गावकऱ्यांचं वृंदगान आणि निर्वासितांचं वृंदगान एकमेकांसमोर येतं तिथे नीट कान द्या, दोन्हींवर ऑर्थोडॉक्स प्रार्थनासंगीताची छाप आहे.

२०१५ साली साडेआठ लाखांहून अधिक माणसं समुद्रमार्गे ग्रीसमध्ये आली, त्यांतली बरीचशी लेस्बोस बेटावर. तेव्हापासून या कादंबरीचा उल्लेख पुन्हा वाढला, आणि २०२३ मध्ये झाल्झबुर्ग महोत्सवात मार्टिनूची संगीतिका नव्याने उभी राहिली. लेस्बोसचा अनुभव मात्र लिकोव्रिसीसारखा एकरंगी नाही. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या स्काला सिकामिनियास या छोट्या कोळीवाड्यातल्या लोकांनी बुडणाऱ्यांना ओढून काढलं, ओली पोरं मांडीवर घेतली. हा कोळीवाडा १९२२ च्या निर्वासितांनी वसवलेला, म्हणजे त्यांच्यातल्या अनेक घरांनी हाच समुद्र तशाच अवस्थेत ओलांडलेला होता. त्याच बेटावर मोरियाची छावणी होती, सुमारे तीन हजारांच्या सोयीत बारा हजारांवर माणसं कोंबलेली, ती सप्टेंबर २०२० मध्ये जळाली. पुढे बेटावर निर्वासितांविरुद्ध मोर्चेही निघाले, रस्तेही अडवले गेले. पहिल्या दिवशीचं पांघरूण आणि पाचव्या वर्षीची जमीन या दोन वेगळ्या मागण्या आहेत. फोतिसने पहिल्याच दिवशी दुसरी मागणी केली आणि ग्रिगोरिसला ती त्याच क्षणी कळली.